हॅशच्या पुढची ओळ

३ जून, मंगळवार

प्रवेश सुरू होऊन दोन दिवस झाले आणि प्रवेशाचं यंत्रच सापडेना. यंत्र जागेवर आहे, मागच्या थंड खोलीत बिनघोर बसलंय. पण बाहेरच्या टेबलांवरून त्याला नावाने हाक मारली तर ओ देत नाही. सुमनबाईंच्या संगणकावर 'प्रवेश' हे नाव टाकलं की कोरा पडदा. शेजारच्या टेबलावर तेच नाव टाकलं की ताबडतोब उघडतं. तिसऱ्या टेबलावर उघडतं, पण ग्रंथालयाची पुस्तकं दिसतात. रांगेतल्या एका आईने विचारलं, "ताई, हे मिशिन माझ्या पोरीचं नाव घेईना का?" मी म्हटलं, मावशी, ते स्वतःचंच नाव घेईना.

संध्याकाळी सचिवांनी बोलावलं. आमच्या संस्थेचे सचिव शेषेरावजी आवाज चढवत नाहीत, फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवतात. चष्मा ठेवला. म्हणाले, "सोनकांबळे मॅडम, एक तर तुम्हाला येत न्हाई, न्हाईतर उमाशंकर सरांनी जाताना काहीतरी करून ठेवलंय. दोनपैकी काय ते सोळा तारखेपर्यंत लेखी द्या. तेरा जुलैला वर्धापनदिन हाय. नव्या संगणक कक्षाला सरांचं नाव द्यायचं ठरलंय, पाटी रंगवायला गेलीय. पाटी लागायच्या आत मला कळू द्या."

उमाशंकर सर म्हणजे लातूर, अहमदपूर, नांदेड असं संस्थेचं सगळं जाळं बावीस वर्षं एकट्याने सांभाळलेला माणूस. मी जानेवारीत त्यांच्या हाताखाली रुजू झाले. तीस एप्रिलला ते निवृत्त झाले, मे महिन्यात नवा सर्व्हर, म्हणजे हेच प्रवेशाचं यंत्र, नव्या आकड्याने आला, जुना भंगारात गेला आणि जाळं माझ्या गळ्यात पडलं. माझी सहा महिन्यांची परिवीक्षा संपायला महिना उरलाय. म्हणजे दोघांपैकी एकाचं नाव खराब होणार, आणि ते कुणाचं हे मीच लिहून द्यायचं.

५ जून, गुरुवार

बाबांना बिलोलीला फोन केला. त्यांना समजावलं की संगणकाला नाव कळत नाही, आकडा कळतो. नाव टाकलं की तो नेम सर्व्हरला विचारतो, या नावाचा आकडा काय? तो सांगतो, मग हा तिकडे जातो. बाबा म्हणाले, "म्हंजे आपला पोस्टमन. नाव सांगितलं की घर दाखवतोय." अगदी तसंच. आणि आकडा टाकला तर सगळीकडे उघडतंय. म्हणजे दुखणं नावातच आहे.

नावाचं दुखणं मला नवीन नाही. लुंबिनी म्हटलं की समोरच्याला जे कळायचं ते कळतं. काही जण लगेच 'वा, छान नाव आहे' म्हणतात, ते जास्त बोचतं. उमाशंकर सरांनी चार महिन्यांत एकदाही माझं नाव घेतलं नाही. बाळ म्हणायचे, ताई म्हणायचे, एकदा तर 'अहो' म्हणाले. आणि दर दोन-चार दिवसांनी, "गाव कोणतं म्हणलं तुमचं?" मी सांगायचे, बिलोली. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहायचे, आणखी काहीतरी कळायची वाट बघितल्यासारखे. गाव कशासाठी विचारतात ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

निरोपाच्या दिवशी तर हद्द झाली. प्रत्येक टेबलापाशी थांबून, संगणकावर काहीतरी शेवटचं तपासून, मग त्या माणसाचं नाव घेऊन हात जोडले. सुमनबाईंच्या मुलाचीसुद्धा नावानिशी चौकशी केली. मी संगणक बंद करून, पिशवी खांद्याला लावून उभी होते, बिलोलीची गाडी गाठायची होती. माझ्यापाशी आले, बंद पडद्याकडे बघितलं, ओठ हलले आणि "येतो बाळ" म्हणून पुढे गेले. मीही म्हटलं, या.

शिकवताना मात्र काही हातचं राखलं नाही, हे खोटं बोलणार नाही. तेच मला समजत नाही.

६ जून, शुक्रवार

नेम सर्व्हर दहा वेळा तपासला. त्याला थेट विचारलं तर 'प्रवेश'चा नवा, बरोबर आकडा सांगतो. पण त्याच संगणकावरून 'प्रवेश'ला हाक मारली तर हाक जुन्याच आकड्यावर जाते. तिथे आता कुणीच राहत नाही. संगणकाची तात्पुरती आठवण पुसली, बंद करून चालू केला, वायर बदलली. पुन्हा जुनाच आकडा. पोस्टमन बरोबर पत्ता सांगतोय आणि माणूस हट्टाने पडक्या घराचं दार वाजवतोय.

सगळ्या टेबलांवर नव्या आकड्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रांग पुढे सरकली. पण हा इलाज नाही, हे मलाही कळतं.

९ जून, सोमवार

सापडलं!

प्रत्येक संगणकाच्या पोटात 'होस्ट्स' नावाची एक साधी फाईल असते. नेम सर्व्हर नव्हते त्या काळातली. आता तिला कुणी हात लावत नाही, म्हणून मीही उघडली नव्हती. संगणक नेम सर्व्हरला विचारायच्या आधी ही खिशातली चिठ्ठी बघतो, आणि तिच्यात नाव सापडलं की बाहेर विचारतच नाही. सुमनबाईंच्या चिठ्ठीत 'प्रवेश'पुढे भंगारात गेलेल्या सर्व्हरचा आकडा आहे. हाताने टाकलेला. इथे हात एकाच माणसाचा.

आकड्यांखाली हॅशची खूण करून रोमन अक्षरांत मराठी लिहिलंय. आपल्या अक्षरांत, बाकी जसंच्या तसं उतरवून ठेवते:

# खिडकीजवळ. जाड चष्मा. सुमनबाई. मुलगा सत्यम, नांदेडला. विचारू नको, वाच.

हॅश लावलेली ओळ यंत्र वाचत नाही. पहिल्याच आठवड्यात सरांनी शिकवलं होतं, "हॅशच्या पुढचं माणसासाठी असतंय बाळ. यंत्राला त्याचं काय न्हाई." पण टेबलावर बसणाऱ्या बाईचं वर्णन कशाला? पाळत ठेवत होते की काय? आणि 'विचारू नको, वाच' हा हुकूम कुणाला? मला तर वाटतं, मलाच.

११ जून, बुधवार

ज्या संगणकांची तक्रार आहे तेवढेच उघडले. लातुरात चौदांमध्ये चिठ्ठी निघाली. कुठे आकडे उलटेसुलटे, कुठे लेखाशाखेचा आकडा ग्रंथालयाच्या नावापुढे. एका ठिकाणी एकच ओळ अकरा वेळा, एकाखाली एक. चुकून एखादी ओळ दोनदा पडते, अकरा वेळा पडते का? माझं रक्त उकळलं ते फायलींच्या तारखा बघून. सगळ्या फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमधल्या. म्हणजे मी रुजू झाल्यानंतरच्या. बावीस वर्षं या माणसाला नेम सर्व्हर पुरला आणि त्यांच्या खुर्चीवर सोनकांबळेंची पोरगी येणार म्हटल्यावर पोटात चिठ्ठ्या पेराव्या लागल्या.

आणखी एक: # शेजारची खोली भांडाराची. न्हाणीघर डावीकडे. उजवीकडे नाही.

असल्या टवाळ्या ऑफिसच्या यंत्रात!

१२ जून, गुरुवार

नांदेडच्या महाविद्यालयात जाऊन आले. सकाळची एसटी, लोह्यापर्यंत उभीच. तिथल्या चार संगणकांतही तेच. एका चिठ्ठीत लिहिलंय:

# परत जाताना लातूरची गाडी. अहमदपूरला उतर. झोपू नको.

सर अहमदपूरचे. बावीस वर्षं त्याच रस्त्याने येणं-जाणं. त्यांना कशाला हवी ही सूचना? तिथल्या लिपिकाला वाचून दाखवली, आम्ही दोघं खूप हसलो.

१६ जून, सोमवार

अहवाल दिला. चार वेळा लिहिला. शेवटी हा शब्द सापडला: हेतुपुरस्सर. 'माजी संगणक प्रमुखांनी निवृत्तीपूर्वी अठरा संगणकांमध्ये हेतुपुरस्सर चुकीच्या नोंदी करून ठेवल्याचे दिसते.' सचिवांनी त्या शब्दाखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, "चांगलं लिहिता तुम्ही."

बरं वाटलं. मग घरी येईपर्यंत बरं वाटेनासं झालं. आपल्या भाषेत यंत्रालाही नाव ठेवतात आणि माणसालाही नावं ठेवतात. सरांनी पहिलं केलं, मी दुसरं. पण खोटं काय लिहिलं? तारखा खोट्या नाहीत.

१७ जून, मंगळवार

अठराच्या अठरा चिठ्ठ्या एका आज्ञेत कोऱ्या केल्या, हॅशसकट. सगळी टेबलं चालू. दुपारी चहा सुमनबाईंकडून.

१८ जून, बुधवार

सरांना खुलासा मागणारी नोटीस गेली. ऑफिसात कुजबुज झालीच. सुमनबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. पंधरा वर्षं सरांच्या समोरच्या टेबलावर बसलेली बाई.

"तू लिवलंस, मुद्दाम केलं म्हणून?"

मी म्हटलं, पुरावा आहे.

"अगं, मुद्दाम म्हंजे काय असतंय ते त्या माणसाला मालूम तरी हाय का? मागच्या दिवाळीत घरचा चिवडा आणला त्यांनी माझ्यासाठी. दुपारी दिला. चार वाजता परत दिला, 'सुमनबाई, हा तुमच्यासाठी' म्हणून. मी बी घेतला. इतका जीव लावणारा माणूस."

मी म्हटलं, सुमनबाई, तुम्हाला दोनदा चिवडा मिळाला, मला चार महिन्यांत एकदा नावसुद्धा मिळालं नाही. त्या वळल्या. आपल्या टेबलावर जाऊन उगीच कागद सारखे करत बसल्या.

२२ जून, रविवार

 हे फक्त या वहीत. दुसरीकडे कुठेही नाही, तसा शब्द दिलाय.

अहमदपूरला गेले होते. कारण काढलं नेम सर्व्हरच्या जुन्या वहीचं. खरं तर तोंडावर विचारायचं होतं, सर, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?

बसस्टँडपासून दहा मिनिटं चालत. सर ओसरीवर खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा सदरा, कपाळाला भस्म, खिशाला पेन, आत्ता ऑफिसला निघतील असे. मला बघून उठले. "या, या, बसा. गाव कोणतं म्हणलं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बिलोली, सर. बिलोलीत कुठं तेही सांगते, भीमनगर. झालं समाधान?"

सर हसले. अगदी निर्मळ. "बिलोली! बिलोलीची एक पोरगी हाय आमच्या हापिसात. लई हुशार. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत न्हाई तिला. भेटा तिला, तुमच्याच गावची हाय."

मला वाटलं टोमणा आहे. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. टोमणा नव्हता. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

तेव्हा आजूबाजूला नजर गेली. आतल्या दारावर पुठ्ठा, 'देवघर'. त्याच्या शेजारी 'न्हाणी'. फडताळाच्या तीन कप्प्यांवर तीन कागद. सगळं त्यांच्याच वळणदार अक्षरात. खात्री करायला विचारलं, सर, 'प्रवेश'चा आकडा काय हो? क्षणभर थांबले नाहीत. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, दहा, चौदा. लेखाशाखा? तोही सांगितला. ग्रंथालय, नांदेड, सगळे पाढ्यांसारखे. सगळे जुने.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी रत्नम्माबाई पाणी घेऊन आल्या. सर हातातला कागद उलटसुलट करत होते, आमच्या संस्थेची नोटीस. "ऐकलं का," ते त्यांना म्हणाले, "ह्या उमाशंकरनं काय केलंय म्हणतात? कोण हाय हा?"

रत्नम्माबाईंनी तांब्या खाली ठेवला. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, नजर जमिनीकडे वळवली आणि नव्या नवरीसारख्या हळूच म्हणाल्या, "तुम्हीच. उमाशंकर तुमचंच नाव हाय."

"हां, हां," सर म्हणाले. "बरं झालं सांगितलं."

मला रत्नम्माबाईंनी स्वयंपाकघरात नेलं. उदगीरकडचं माहेर, बोलण्यात अजून कानडी. "यव्वा, लग्नात उखाण्यात घेतलं होतं हे नाव. त्याच्यानंतर एकेचाळीस साल तोंडातून काढलं न्हाई. रेशनच्या दुकानात बी शेजारणीला सांगायला लावायची. आता रोज सकाळी घ्यावं लागून राहिलंय. कधी कधी दोनदा."

सर विसरायला लागून दोन वर्षं झाली म्हणे. नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलं, औषधं चालू आहेत, वाढत जाणार असं त्यांनी आधीच सांगितलंय. "हापिसात कुणाला कळू दिलं न्हाई ह्येनी. नवीन पडदे समजंनात, जुनं तेवढं येतंय म्हणायचे. मी ज्याच्या त्याच्या मिशिनीत लिहून ठेवून राहिलो, माझं भागतंय, तू फिकीर करू नको, असं सांगायचे. शेवटचे दोन महिने मीच गाडीत बसवून द्यायची आणि कंडक्टरला सांगायची, लातूरला उतरवा बा."

 मी तिथेच फरशीवर बसले आणि सांगून टाकलं, तो अहवाल मी लिहिलाय. मुद्दाम केलं असं मी लिहिलंय.

त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तुला तरी काय मालूम, यव्वा. ह्येनी परवाच उत्तर दिलंय लिहून, माझ्याकडूनच झालं असंल म्हणून." मी म्हटलं, मी उद्याच्या उद्या सचिवांना सगळं सांगते, सर आजारी आहेत म्हणून. तर माझा हात घट्ट धरला. "न्हाई. ते सांगू नको. कळलं की गावभर होतंय. येडं झालं म्हणून पोरं मागं लागतील, लोक तोंडावर हसतील. त्यापरीस चुकलं म्हणू दे. चुकलेल्या माणसाला लोक निदान नावानं तरी हाक मारतात."

शब्द दिला. निघताना सरांना नमस्कार केला. म्हणाले, "बिलोलीची पोरगी दिसली तर सांगा, मी विचारलं म्हणून."

एसटीत खिडकीकडे तोंड करून लातूरपर्यंत रडले.

२३ जून, सोमवार

सचिवांनी सरांचं उत्तर माझ्यासमोर सरकवलं. 'मला नक्की आठवत नाही. परंतु यंत्रांना माझ्याशिवाय कोणी हात लावत नव्हते. त्या अर्थी माझ्याकडूनच झाले असेल. क्षमा असावी. नवीन मुलीचा यात काही दोष नाही. तिला बोलू नये.'

खाली सही. सहीच्या अक्षरांखाली पेन्सिलीची पुसट रेघ होती. कुणीतरी आधी नाव लिहून दिलं होतं आणि त्यावरून त्यांनी पेन फिरवलं होतं. एवढ्या वर्षांत न घेतलेलं नाव रत्नम्माबाईंनी आधी तोंडाने घेतलं, मग हाताने लिहिलं. सचिवांना ती रेघ दिसली नाही. मला दुसरं काही दिसेना.

मी दुसरा अहवाल बरोबर नेला होता. त्यात लिहिलं, माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा आहे. त्या नोंदी जुन्या पद्धतीने, सोयीसाठी केलेल्या होत्या. सर्व्हर बदलताना प्रत्येक संगणकातली ती फाईल तपासणं हे काम माझं होतं, ते मी केलं नाही. 'हेतुपुरस्सर' हा शब्द मी मागे घेते.

यात काही उपकार नाहीत. हे खरंच आहे. मे महिन्यात मी ती फाईल उघडली असती तर एका दुपारचं काम होतं. बोट दाखवायची घाई होती, म्हणून स्वतःचं काम दिसलं नाही.

सचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, एक अहवाल तुमच्या सहीचा, त्याच्या उलटा अहवाल बी तुमच्याच सहीचा, आणि मधे त्यांची कबुली. मी कार्यकारिणीला काय दाखवू? मधल्या मधे काय झालं ते तरी सांगा."

जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, काही झालं नाही, माझी चूक माझ्या लक्षात आली.

"मग असं करू. तुमची परिवीक्षा सहा महिने वाढवू. प्रकरण बंद. आणि पाटीवर नुसतं 'संगणक कक्ष' राहू द्या. वादातलं नाव नको."

मी खूप वाद घातला. शेवटी विनवण्या केल्या. ते वाईट नाहीत, त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. पण शब्द मी लिहिला होता, आणि मागे घेतलेला शब्दसुद्धा फायलीत राहतोच.

२८ जून, शनिवार

ऑफिसला अर्धी सुट्टी. तक्रारीचे सगळे संगणक तपासले होते, माझा राहिला होता. त्याची कधी तक्रारच नव्हती, म्हणून यादीतही नव्हता. आज सहज त्याची होस्ट्स फाईल उघडली. आकडे एकही नाही. नुसत्या हॅशच्या ओळी. अक्षर रोमन, मी आपल्या अक्षरांत उतरवते:

# ६ जाने. नवीन मुलगी. काळी पिशवी. गाव बिलोली. नाव लुंबिनी.

# लुंबिनी हे गावाचं नाव. बुद्धाचा जन्म झाला ते गाव. गाव आठवलं की नाव आठवेल.

# परत गाव विचारलं. तिला राग आला. तरी नाव येईना. बिलोलीच येतं.

# ती समोर बसली की ही फाईल उघडता येत नाही. सकाळी ती यायच्या आधी वाचायचं.

# १४ मार्च. हुशार आहे. जाळं हिच्या हातात नीट राहील. लुंबिनी.

# ३० एप्रिल. आज सगळ्यांचं नाव घेऊन निरोप. हिचं विसरायचं नाही. लुंबिनी लुंबिनी लुंबिनी

शेवटच्या ओळीला पूर्णविराम नव्हता.

त्या दिवशी माझा संगणक बंद होता. मीच बंद केला होता, गाडी गाठायची होती म्हणून. सर येऊन त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे राहिले होते आणि मला वाटलं, जिभेला विटाळ होतोय.

माझं वाटणंही अगदीच हवेतलं नव्हतं. शाळेपासून गाव विचारणारे पन्नास जण भेटले, पन्नासांनी त्याच कारणासाठी विचारलं. एक्कावन्नावा माणूस माझं नावच शोधत होता, ते मला कसं कळणार? असं स्वतःला समजावते आणि समजूत पटत नाही.

बाकीच्या अठरा चिठ्ठ्या मी एका आज्ञेत कोऱ्या केल्या. सुमनबाई, सत्यम, न्हाणीघर डावीकडे, झोपू नको. त्यातलं या वहीत चेष्टेने उतरवलं तेवढंच उरलंय.

१३ जुलै, रविवार

आज संस्थेचा वर्धापनदिन. सगळ्यांना यायचा आदेश होता. मी अर्ज टाकून अहमदपूरला गेले. नवी पाटी काल संध्याकाळीच लागली होती, जाताना बघितली. 'संगणक कक्ष'. त्याच्या वर एका ओळीची जागा रिकामी ठेवल्यासारखी दिसते. रंगाऱ्याने आधी नाव आखलेलं असणार.

सर ओसरीवरच होते. सदऱ्याची गुंडी खालीवर लागलेली, रत्नम्माबाईंनी ती नीट केली. मी समोर पाटावर बसले.

"गाव कोणतं म्हणलं?"

"बिलोली, सर."

थोडं थांबले, माझ्याकडे बघत राहिले. ही थांबायची तऱ्हा आता मला ओळखू येते. पुन्हा विचारलं, "गाव कोणतं?" मी पुन्हा सांगितलं. रत्नम्माबाईंनी चहा आणला, चहा झाला. तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. मला राग आला नाही. हा साधा प्रश्न जानेवारीत मी असाच घेतला असता तर काय बिघडलं असतं?

पाचव्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, "गाव बिलोली. आणि नाव लुंबिनी. लुंबिनी केरबा सोनकांबळे."

"लुंबिनी," सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकलं. "छान नाव हाय."

बोचलं नाही.

"थांबा, लिहून ठेवतो. न्हाईतर विसरंल." खिशातला पेन काढला. जवळ कागद नव्हता, तर संस्थेच्या नोटिशीचं पाकीट उलटं केलं.  आधी हॅशची खूण काढली, दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. मग तिच्यापुढे माझं नाव लिहू लागले. दोन अक्षरांनंतर थांबून त्यांनी विचारलं, पुढं काय, आणि मी सांगितलं.